फारगतीची फारकत

"ताई, एक सोडपत्र मारायचंय."

माझ्या टेबलासमोर उभी राहून माणसं असंच म्हणायची. टाइपरायटर जाऊन कॉम्प्युटर आला, बोटांना आराम मिळाला, पण 'मारायचंय' काही गेलं नाही. डहाणूला कचेरीच्या आवाराबाहेर एका झेरॉक्सच्या दुकानाच्या ओट्यावर माझं टेबल होतं. दस्त लिहून देणं हा माझा धंदा. खरेदीखत, बक्षीसपत्र, मृत्युपत्र, भाडेकरार, सगळं केलं. पण लोक मला ओळखायचे ते सोडपत्रवाल्या ताई म्हणून. लग्न जुळवणाऱ्या बाईला घराघरांत मान असतो. सोडायला लावणाऱ्या बाईला फार तर चहा मिळतो, आणि तोही कधीकधी तिलाच मागवावा लागतो. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी त्या पायरीच्या अलीकडे बसले होते आणि शहाण्यांची माझ्याकडे कधीच टंचाई नव्हती.

ज्यांना या कागदाशी कधी काम पडलं नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. बाप गेला की सातबाऱ्यावर त्याच्या जागी त्याच्या सगळ्या मुलामुलींची नावं लागतात. बहिणी लग्न होऊन गेलेल्या असतात, जमीन कसतो भाऊ. मग कधीतरी बहिणीने लिहून द्यायचं, की या मिळकतीतला माझा हिस्सा मी भावासाठी सोडला. दोन साक्षीदार आणायचे, निबंधकासमोर फोटो काढायचा, अंगठा द्यायचा, दस्त नोंदवायचा. नंतर तलाठी सातबाऱ्यावरून तिचं नाव कमी करतो. याला म्हणायचं हक्कसोडपत्र. ही विक्री नव्हे. सोडणारा कसली हमी देत नाही. माझा जो काही हक्क असेल तो सोडला, एवढंच म्हणतो. आणि मुळात हक्कच नसेल, तर सोडून उपयोग काय? आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? हे वाक्य मी इतक्यांदा बोलले आहे की ते पाटीवर लिहून टांगलं असतं तरी चाललं असतं.

ते न कळल्यामुळे गमती व्हायच्या. तलासरीकडचे एक गृहस्थ बहिणीला घेऊन आले. बाई हसतमुख, सगळ्याला हो म्हणणारी. मला बरं वाटलं, कारण अशी बहीण क्वचितच दिसते. कागद पाहिले तर तिच्या वडिलांचं नाव निराळंच.

"अहो, या तुमच्या सख्ख्या बहीण ना?"

"चुलत," ते म्हणाले. "सख्खी आहे, पन ती ऐकत नाय. ही ऐकते."

गृहस्थ लबाड मुळीच नव्हते. बहिणीची सही लागते म्हणून ते बहीण घेऊन आले होते. मी त्यांना आडाची नि पोहऱ्याची गोष्ट सांगून, चहा पाजून परत पाठवलं. सख्खीची समजूत काढायला मलाच न्यायचा त्यांचा विचार होता.

दस्ताची भाषाही लोकांना चकवायची. सोडणारी बाई कागदावर 'लिहून देणार' असते आणि भाऊ 'लिहून घेणार'. वाचून दाखवताना एखादी म्हातारी मला मध्येच थांबवायची. "मना लिवता येत नाय गो. मी कशी लिवून देनार? लिवतेस तर तू." मी हसून पुढची ओळ घ्यायची. वाचून दाखवायची माझी सवय मी कधी सोडली नाही. बाजूच्या टेबलांवर नुसतं 'इथे करा, इथे करा' चालायचं. मी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत मोठ्याने वाचायची. वेळ जायचा, गिऱ्हाईक चुळबुळायचं, पण मी वाचायची.

पालघर जिल्हा नवा झाला, त्यानंतरची ही चार-पाच वर्षं. मोठ्या कामाला ठाण्याला जायचं थांबलं. रस्त्यांच्या, रेल्वेच्या मोजण्यांची बोलणी जिकडेतिकडे ऐकू येऊ लागली आणि ज्याला त्याला आपला सातबारा साफसूफ करून ठेवावासा वाटू लागला. माझ्या ओट्यावर भावा-बहिणींची रांग लागली. त्याच गर्दीत एक दिवस वसंतभाऊ आले.

वसंतभाऊ झाईचे. चिकूची वाडी, थोडं भात. साठी उलटलेले, अगदी कमी बोलणारे. बोलायचं झालं तर आधी घसा खाकरायचे आणि पुष्कळदा तेवढ्यावरच थांबायचे. त्यांना एकच बहीण, यमुनाबाई, वयाने मोठी, गंजाडला दिलेली. वाडीतल्या विहिरीवर नवा पंप बसवायचा होता. त्याच्या विजेच्या जोडणीसाठी सातबाऱ्यावरच्या सगळ्यांची संमती मागतात. तेव्हा त्यांच्या मुलाने, हेमंतने, ठरवलं की दर वेळी सहीसाठी गंजाडला खेटे घालण्यापेक्षा आत्याचं नाव एकदाचं कमी करून घ्यावं. हेमंत उंबरगावला कारखान्यात नोकरीला. झाईच्या पुढे गुजरात सुरू होतो. तिकडे रोज जाऊन-येऊन त्याच्या मराठीत निम्मी गुजराती शिरली होती. मुलगा चांगला, फक्त घाईचा. कागद त्यानेच आणून दिले, आत्याला फोनही त्यानेच केला. आत्या 'बरं' म्हणाली, असं त्याने मला सांगितलं.

ठरलेल्या दिवशी बापलेक सकाळच्या बसने आले. थोड्या वेळाने यमुनाबाई जीपमधून उतरल्या. ठेवणीतली साडी नेसलेल्या, केस चापूनचोपून बांधलेले, आणि बरोबर तोंड बांधलेलं एक पोतं. जीपवाल्याने ते ओट्यावर ठेवलं तेव्हा आतून भांड्याचा आवाज आला. हेमंत उचलायला पुढे झाला तर त्यांनी त्याला हातानेच थांबवलं. भावाकडे पाहिलं नाही. बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसल्या. मी चहा मागवला, तर मान हलवून नको म्हणाल्या.

रुसलेल्या बहिणी मी पुष्कळ पाहिल्या आहेत. हिला हिस्सा हवा असणार आणि तोंडाने बोलवत नसणार, असं मी मनाशी ठरवून टाकलं. वसंतभाऊंनाही तेच वाटलं असावं. त्यांनी मला बाजूला घेतलं, घसा खाकरला आणि म्हणाले, "ताई, तिच्या मनात नसंल तर नको."

"आत्या बरं म्हणालीय," हेमंत म्हणाला. "मला हाफ डे टाकायला लागलाय."

मी वाचायला घेतलं. लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक, कारणे हक्कसोडपत्र लिहून देते ऐसा जे की... इथपर्यंत आले तोच यमुनाबाईंनी हात वर केला.

"वाचू नको पोरी. अंगठा कुठं लावायचा तां सांग. पन त्याच्या आधी ह्या मोजून घ्यायला सांग त्याला."

त्यांनी पोत्याचं तोंड सोडलं. आतून तांब्याचा हंडा निघाला, चिंचेने घासून लख्ख केलेला. हंड्यात साड्या. काहींच्या घड्यासुद्धा मोडलेल्या नव्हत्या. एक पितळी अडकित्ता. एक स्टीलचा डबा. सगळं त्यांनी बाकावर ओळीने मांडलं.

"हंडा लग्नातला. डबा हेमंतच्या बारशातला. साड्या भाऊबीजेच्या, मी झाईला जाते तवाच्या. दोन-चार फाटल्या, त्या नाय आनल्या. तेवढ्या सोड." हे सगळं त्या माझ्याशी बोलत होत्या. मग पहिल्यांदाच भावाकडे वळल्या. "आमच्याकडं पाड्यावर फारकत पंचांसमोर होते. दिलेला परत करायचा नि दोघांनी मोकला व्हायचा. तुमच्यात कचेरीत होते तर कचेरीत. मना काय बोलायचा नाय. पन मी काय केला वसंत, तां तरी सांग. मना आठवून आठवून आठवत नाय."

 बाजूच्या टेबलावरचा माणूस प्रिंटर थांबवून आमच्याकडे बघू लागला.

"फारकत?" हेमंत म्हणाला. "आत्या, फारकत कोण बोललं? मी फारगती बोललो. फारगती!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. हक्कसोडपत्राला सीमेपलीकडे फारगती म्हणतात. त्यांच्या कारखान्यात, बाजारात, वकिलाकडे, सगळीकडे हाच शब्द. हेमंतच्या तोंडी तो इतका बसलेला की फोनवर तो सरळ म्हणाला होता, आत्या, बाबांना तुझ्याकडून फारगती करून घ्यायची आहे, आधारकार्ड घेऊन डहाणूला ये. गंजाडच्या म्हातारीने ऐकलं फारकत. आपल्याकडे फारकत घेतात नवरा-बायको. पण भावाला बहिणीशी संबंधच ठेवायचा नसेल, तर त्यालाही दुसरं काय म्हणणार? 'ध'चा 'मा' झालेला आपण शाळेत वाचतो. इथे नुसता 'ग'चा 'क' झाला होता.

फोन आल्यापासून ही बाई कोणाला काही विचारू शकली नव्हती. भाऊ मला सोडतोय, हे सुनेला कसं सांगायचं? घरात तिने सांगितलं होतं, हंड्याला कल्हई करून आणते. भांडं घासलं, साड्या भरल्या आणि ती एकटी जीपमध्ये बसली. भावाने बोलावलं म्हणून नातं तोडायलासुद्धा ती वेळेवर आली होती. 

वसंतभाऊ उठले. आधी मुलाकडे असं बघितलं की तो दोन पावलं मागे सरला. मग त्यांनी एकेक साडी उचलून हंड्यात परत भरायला सुरुवात केली. घड्या विस्कटत होत्या. "चल घरा," ते म्हणाले. "नाय करायचा काय."

"काय नाय करायचा?"

"कागद."

मी यमुनाबाईंजवळ बसले आणि त्यांना समजावून सांगितलं की हा कागद फक्त जमिनीचा आहे. वाडीवर त्यांचंही नाव आहे, ते काढायचं आहे, एवढंच. त्या माझ्याकडे बघत राहिल्या. आधी हसल्या, मग पदर तोंडाला लावून रडल्या, मग चिडल्या. "एवढ्यासाठी? जमीन कोनी मागितली तुझ्याकडं? आन तो कागद. लावते अंगठा."

"नाय," वसंतभाऊ म्हणाले.

"आन म्हनते ना."

"नाय म्हनलं ना बाय."

या ओट्यावर मी जमिनीसाठी चपला उगारलेल्या पाहिल्या आहेत. पण जमीन दुसऱ्याच्या गळ्यात मारण्यासाठी भांडणारी माणसं पहिल्यांदाच पाहत होते. चहावाला ग्लास घ्यायला आला होता, तोही उभा राहिला. शेवटी मीच आवाज चढवला. माझा एक नियम होता, रडून मोकळ्या झालेल्या माणसाकडून काही लिहून घ्यायचं नाही. त्या वेळी माणूस काहीही देऊन टाकतो. मी त्यांना म्हटलं, "आज कोणी अंगठा लावायचा नाही. आणि यमुनाबाई, तुम्ही नीट ऐका. ती वाडी अर्धी तुमची आहे. सोडायची तर माहिती असून सोडा."

"माझी?" त्या म्हणाल्या. "कशी माझी?"

त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. बापाच्या मागे कागदावर आपलं नाव लागलंय हे त्यांनी ऐकलं होतं, पण लग्नाच्या पत्रिकेत सगळ्यांची नावं घालतात तसं काहीसं ते असेल, अशी त्यांची समजूत. मी सगळं समजावलं. हेमंतचा चेहरा पडला, पण तो मध्ये बोलला नाही, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. लावणी आटपल्यावर या, असं सांगून मी त्यांना वाटेला लावलं. यमुनाबाई त्या दिवशी गंजाडला गेल्याच नाहीत. भावाबरोबर झाईला गेल्या. पोतं वसंतभाऊंनी खांद्यावर घेतलं होतं.

त्या रात्री भाकरी करताना माझ्या डोक्यात तेच चाललं होतं. म्हातारीचा कान चुकला खरा, पण ती फार चुकली होती का? माझ्या टेबलावर सही करणारी प्रत्येक बहीण मनातून माहेरच वाचवत असते. हिस्सा मागितला तर भावाचं दार बंद होईल, भाऊबीजेला ताटाशी बोलावणं येणार नाही, आईच्या वर्षश्राद्धाला उपऱ्यासारखं बसावं लागेल. म्हणून ती सोडते. 'स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय' हे मी दर वेळी टाइप केलं आहे आणि दर वेळी मोठ्याने वाचलं आहे. काही जणींच्या बाबतीत ते खरंही होतं. मीसुद्धा माझ्या भावाला असंच लिहून दिलेलं आहे. माझा भाऊ चांगला आहे, मला पश्चात्ताप नाही. पण तो दस्त मी स्वतः टाइप केला नाही, बाजूच्या टेबलावरून करून घेतला.

लावणी झाली आणि ती तिघं परत आली. या वेळी यमुनाबाई भावाच्या शेजारी बसल्या आणि चहाही घेतला. त्यांचं ठरलं होतं, सही करायची. वसंतभाऊंना त्यांनी कसं पटवलं कोण जाणे. "वाच," त्या मला म्हणाल्या. "आता सगला वाच."

मी वाचलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या. शेवटाकडे आले, 'यापुढे सदर मिळकतीशी माझा अगर माझ्या वारसांचा कसलाही संबंध राहिलेला नाही', तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"ह्या कागद झाला की वसंतला माझी सही पुन्ना लागनार नाय?"

"नाही."

"कदीच नाय?"

"कधीच नाही. तेवढ्यासाठीच तर करायचं."

"आनि नाय केला तर?"

"तर लागत राहील. पंपाला लागेल, कर्ज काढलं तर लागेल, मोजणीला लागेल."

"मग त्या सह्या घ्यायला कोन येनार?"

"ज्याला गरज तो येणार. गंजाडला."

त्यांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. मग भावाला म्हणाल्या, "वसंत, तू माझ्या घरा शेवटचा कवा आलेलास रे?"

वसंतभाऊंनी घसा खाकरला. बोटांवर वर्षं मोजली. "बापाच्या जागी आपली नावं लावायची होती तवा," ते म्हणाले. "सहीला."

"मग राहू दे माझा नाव," यमुनाबाई म्हणाल्या.

हेमंतने माझ्याकडे पाहिलं. "ताई, तुम्ही समजवा ना. आज ना उद्या करायलाच लागणार आहे." त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. ही दोघं गेल्यावर त्याला आणि आत्याच्या मुलांना अशाच कुठल्या तरी ओट्यावर बसावं लागणार, आणि त्या वेळी इतकं प्रेमाने बोलणं होईलच असं नाही. हे मी यमुनाबाईंना सांगितलंसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं आणि नकारार्थी मान हलवली.

मी तो दस्त बाजूला ठेवला आणि पंपासाठी साधं संमतीपत्र टाइप करून दिलं. शाईचा पॅड पुढे केला, तर त्यांनी दोन्ही हात पदराखाली घेतले.

"इथं नाय. वसंत, घरा ये. तिथं करते."

संमतीपत्र घेऊन वसंतभाऊ गंजाडला गेले, हे मला नंतर कळलं. जेवून आले, राहूनही आले. माझं हक्कसोडपत्राचं काम बुडालं, आणि सांगायला हरकत नाही, बुडालेल्या कामाचा इतका आनंद मला पुन्हा कधी झाला नाही.

पुढे कामं चालूच होती. पाठ दुखायला लागली तेव्हा २०१९च्या सुमाराला मी टेबल आवरायचं ठरवलं. जुन्या फायली बांधत होते. ओट्याच्या पायरीशी कोणीतरी घसा खाकरला, म्हणून मान वर केली तर वसंतभाऊ. एकटेच, हातात चिकूंची पिशवी. मी खुर्ची दिली. पंप बसला का विचारलं, तर बसला म्हणाले. पीककर्जाचं झालं का, तेही झालं. गंजाडला जाऊन सही आणली होती. मोजणीही झाली, तिलाही सही आणली होती.

मग सगळं झालंच की, मी म्हटलं. आता कसला कागद राहिला?

ते बराच वेळ चिकूंच्या पिशवीची गाठ सोडत आणि बांधत बसले.

"तांच इचारायला आलो, ताई," ते म्हणाले. "आनखी कुठल्या कागदाला दोघांच्या सह्या लागतात?"